शौर्य गणवेशाचे की माणसाचे?

सैन्यात दाखल झालेला प्रत्येक माणूस, केवळ तो दाखल झाला म्हणून, वीर मानावा काय? हा प्रश्न नुसता उच्चारला तरी आज अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि विचारणाऱ्याच्या देशनिष्ठेची उलटतपासणी सुरू होते. परंतु ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पलटणीची चाकरी केली, ज्याला एके दिवशी ‘तुम्ही लढवय्ये नाही’ असे सांगून पलटणीचे दार बंद करण्यात आले, आणि ते दार उघडावे म्हणून ज्याने जवळजवळ पन्नास वर्षे अर्जविनंत्या केल्या, त्या समाजाला हा प्रश्न विचारण्याचा हक्क इतर कोणाहीपेक्षा जास्त आहे. किंबहुना ते त्याचे कर्तव्यच आहे.

मी कामोठ्यास राहतो आणि इतिहास शिकवतो. सिडकोने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन वसवलेली ही वसाहत. कोकणातला, घाटावरचा, मराठवाड्यातला आणि विदर्भातला माणूस येथे एकाच जिन्याने चढतो-उतरतो. दरवर्षी १ जानेवारीला येथून भीमा कोरेगावला गाड्या भरून जातात. पुढे तीन-चार आठवड्यांत प्रजासत्ताक दिन येतो आणि त्याच रस्त्यांवर जवानांच्या गौरवाचे फलक लागतात. दोन्ही वेळी शब्द तेच असतात : शूर, वीर, बलिदान. मग अभ्यासवर्गातला एखादा विद्यार्थी विचारतो, “सर, कोरेगावला लढले ते आपले पूर्वज वीर होते की इंग्रजांचे भाडोत्री शिपाई?” दोहोंपैकी एक उत्तर निवडावे अशी त्याची अपेक्षा असते. माझे म्हणणे असे आहे की, उत्तर देण्यापूर्वी आपण हा प्रश्नच नीट मांडून घेतला पाहिजे. तो नीट मांडायचा तर कोरेगावपासून महाडपर्यंतचा रस्ता चालून जावा लागेल.

१

प्रथम घडलेली गोष्ट पाहू. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठच्या कोरेगावात कंपनी सरकारच्या मुंबई पायदळाची एक पलटण, पुण्याच्या घोडदळाचे काही स्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा अशी आठशेच्या आसपास माणसे अडकून पडली. त्यांचा अधिकारी कॅप्टन स्टॉन्टन. आदल्या रात्री शिरूरहून निघून, रात्रभर चालून ती सकाळी तेथे पोहोचली होती. समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज होती. तिची एकूण संख्या पंचवीस हजारांहून अधिक असली तरी प्रत्यक्ष गावात शिरून लढले ते फार तर दोन हजार, आणि त्यांत अरबांचा भरणा मोठा होता. दिवसभर घराघरांतून आणि गल्लीबोळांतून लढाई चालली. कंपनीच्या शिपायांना ना अन्न मिळाले ना पाणी. रात्री पेशव्यांची फौज मागे हटली. जनरल स्मिथची मोठी पलटण चालून येत असल्याची वार्ता हेही त्याचे एक कारण होते. कंपनीच्या बाजूचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ माणसे कामी आली.

पुढे १८२१ मध्ये त्या जागी स्तंभाची पायाभरणी झाली. स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, आणि ती महारांची नावे आहेत याविषयी अभ्यासकांत दुमत नाही. उरलेल्या नावांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत. मात्र स्तंभावरील लेख हा विजय ब्रिटिश सैन्याचा म्हणून सांगतो. पेशवाईतल्या विटाळाचा त्यात शब्द नाही. तो असण्याचे कारणही नव्हते. स्तंभ उभारणारे आपल्या राज्याचा हिशेब मांडत होते, आपल्या मुक्तीचा नव्हे.

येथूनच दोन टोकांची मते निघतात. एक मत असे की, पेशवाईचा जाच संपवण्यासाठी आपले पूर्वज जाणूनबुजून रणात उतरले. दुसरे मत असे की, ते पगारी शिपाई होते, धन्याने सांगितले म्हणून लढले आणि त्यांनी देशावर परकी सत्ता लादली. आनंद तेलतुंबडे यांनी २०१८ च्या जानेवारीत लिहिलेल्या लेखात पहिल्या मताची चिकित्सा केली आणि या लढाईला अस्पृश्यतेविरुद्धचे युद्ध म्हणणे इतिहासाला धरून नाही असे प्रतिपादन केले. ते अनेकांना झोंबले. परंतु झोंबले म्हणून ते खोटे ठरत नाही. त्या बावीस जणांपैकी एकानेही आपल्या मनातले लिहून ठेवलेले नाही. त्यांना लिहू कोण देत होते? त्यांच्या मनात पेशवाईविषयी चीड नसेलच असे म्हणणे जितके धाडसाचे, तितकेच ते केवळ त्या चिडीपोटी लढले असे म्हणणेही धाडसाचे.

मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. रात्रभर चालून आलेली, तहानलेली माणसे दिवसभर पाय रोवून उभी राहिली. ते शौर्य होते. ते त्या माणसांचे, त्या दिवसाचे आणि त्या कृतीचे शौर्य होते. ज्यांच्या हाती झाडूच शोभतो असे धर्मशास्त्राने ठरवून टाकले होते, त्यांच्या हाती बंदूकही तितकीच शोभते हे त्या दिवशी सिद्ध झाले. आपण स्तंभापुढे मान लवविली तर ती याच्यासाठी. कंपनीच्या निशाणासाठी नव्हे, आणि गणवेशाच्या रंगासाठीही नव्हे.

२

आता पुढची गोष्ट. ज्या सरकारने कोरेगावला स्तंभ उभारला, त्याच सरकारने सुमारे सत्तर वर्षांनी, १८९२-९३ च्या सुमारास, महारांची लष्करभरती बंद केली. १८८५ ते १८९३ या काळात हिंदी सैन्याचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे ‘लढवय्या जातीं’च्या सिद्धान्ताचे मोठे पुरस्कर्ते होते. पंजाब, सरहद्द आणि नेपाळ येथील काही जमाती जन्मतःच लढवय्या आहेत आणि दक्षिणेकडच्या व पश्चिमेकडच्या बहुतेक जमाती जन्मतःच लढाईला नालायक आहेत, असे या सिद्धान्ताचे सार. जातवार पलटणी करण्याची पद्धतही याच सुमारास रूढ झाली. स्पृश्य शिपाई अस्पृश्य सुभेदाराचा हुकूम कसा मानणार, हाही प्रश्न मग आपोआप सुटला. सुभेदारच नाहीसा झाला!

स्तंभ जागेवर राहिला, नावे कोरलेली राहिली, आणि त्या नावांचे नातू ‘बिगर-लढवय्ये’ ठरले. १८९२ पूर्वी शूर असलेली जमात एका हुकमासरशी भेकड कशी झाली? रक्त तर बदलले नव्हते. बदलली होती ती फक्त सरकारची गरज.

याचा पुरावा पुढच्या इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये ‘१११ वी महार’ ही पलटण उभारली गेली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. दुसरे महायुद्ध आले तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. गरज पडली की आम्ही शूर, आणि गरज सरो नि वैद्य मरो.

आपल्या मूळ प्रश्नाचे मर्म येथे आहे. शौर्य गणवेशाला चिकटवले की गणवेश देणारा शौर्याचाही मालक होतो. जो मान अंगावर कपडा चढताच आपोआप मिळतो, तो कपडा उतरवताच आपोआप जातो. म्हणून ‘सैनिक म्हणजे वीर’ हे समीकरण वरवर सैनिकाचा गौरव करणारे वाटले तरी प्रत्यक्षात ते त्याचा गौरव सरकारच्या मर्जीवर गहाण टाकते. आमच्या आजे-पणज्यांनी हे गहाणखत भोगले आहे.

३

भरती बंद झाल्यावर पहिली हाक दिली ती पेन्शनरांनी. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर हे पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’च्या वतीने १८९४ मध्ये मुंबईच्या लष्करप्रमुखांकडे करावयाचा अर्ज तयार केला. त्यात, आपण मूळचे क्षत्रिय, दुष्काळात अभक्ष्य खावे लागल्याने खाली ढकलले गेलो, असा युक्तिवाद होता. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. त्यात पूर्वजांच्या लष्करी चाकरीचा दाखला होता. पण मुख्य मागणी अशी की, आम्हीही इतर प्रजेसारखीच माणसे आहोत, तेव्हा पोलिसांत आणि फौजेत शिपायाची का होईना, पण जागा द्या.

या दोन अर्जांतले अंतर सोळा वर्षांचे, पण विचाराच्या दृष्टीने ते फार मोठे आहे. पहिला अर्ज ‘आम्हीही क्षत्रिय’ म्हणतो. म्हणजे शौर्य जन्माने येते हे प्रतिपक्षाचे गृहीतच स्वीकारतो. वलंगकरांना याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. ज्या काळात ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणे हेच बंड होते, त्या काळात हाती लागेल त्या हत्याराने ते लढत होते. दुसरा अर्ज मात्र माणुसकीच्या पायावर उभा आहे. त्याला क्षत्रियत्वाचा दाखला लागत नाही. आपण वारसा सांगायचा तर या दुसऱ्या अर्जाचा सांगावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पलटणीने आम्हाला दिलेली सर्वांत मोठी देणगी तलवार नव्हती, पाटी होती. कंपनीच्या आणि नंतरच्या मुंबईच्या सैन्यात शिपायांच्या आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय होती. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांचे वडीलही लष्करात होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या त्यांच्या मुलाने पुढे जे केले, ते बंदुकीने केले नाही.

त्याच सुभेदाराच्या मुलांना गावगाड्याने काय मान दिला, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९०१ च्या सुमारास वडील सातारा जिल्ह्यात गोरेगावला नोकरीस असताना ही मुले त्यांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आस्थेने बोलला. जात कळताच पाच पावले मागे सरकला. दुप्पट भाड्यावर बैलगाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची या अटीवर. शिदोरी होती, पण रात्रभर पिण्यासाठी पाणी मिळाले नाही. बापाच्या सुभेदारीचा बिल्ला मसूरच्या स्टेशनवर चालला नाही. ज्या समाजात सैनिकाचा मान पाणवठ्यापाशी येऊन संपतो, त्या समाजाने ‘प्रत्येक सैनिक वीर’ ही घोषणा करणे हा निव्वळ दांभिकपणा होय.

४

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. आज त्या भेटीचे चित्र सर्वत्र दिसते; पण ते तेथे काय बोलले हे फारसे सांगितले जात नाही. त्यांच्या भाषणाचा आशय असा होता : आपल्या शेकडो माणसांनी इंग्रजांच्या बाजूने लढून त्यांना राज्य मिळवून दिले आणि त्याच इंग्रजांनी कृतघ्नपणे आपल्याला बिगर-लढवय्ये ठरवले. आपली माणसे इंग्रजांकडे का गेली? हिंदू समाजाने त्यांना कुत्र्यामांजरांपेक्षा हीन लेखले, पोट भरण्याचे साधन ठेवले नाही, म्हणून निरुपायाने गेली. तेव्हा आता भरतीवरची बंदी उठवण्यासाठी चळवळ करा.

या भाषणात स्तुती आहे, पण पूजा नाही. बाबासाहेबांनी पूर्वजांना देव्हाऱ्यात बसवले नाही आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे केले नाही. त्यांनी कारण सांगितले : भाकरी. आणि हक्क मागितला : समान भरती. शौर्याचा उल्लेख आला तो त्या हक्काचा पुरावा म्हणून.

माझे चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटमध्ये भरती झाले होते. त्यांची पदके पत्र्याच्या पेटीत फडक्यात बांधलेली असत. कोणी ‘तुम्ही मोठे शूर’ म्हटले की ते म्हणत, “पोटासाठी गेलो रे. बूट मिळाले, पोटभर जेवण मिळाले, सही करायला शिकलो.” गावी परतल्यावर पेन्शनर म्हणून त्यांना पत्र लिहून घ्यायला सगळे बोलावीत, आणि चहा मात्र वेगळ्या कपातून देत. त्यांना वीर म्हणवून घ्यायचे नव्हते. त्यांना तोच कप हवा होता. बाबासाहेबांचे भाषण त्यांनी वाचले नव्हते, पण त्यांचे जगणे त्या भाषणाला दुजोरा देणारे होते.

पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात, जो प्रथम १९४० मध्ये प्रसिद्ध झाला, बाबासाहेबांनी हिंदी सैन्याच्या जातवार रचनेची आकडेवारीच मांडली आहे. तेथे त्यांनी लढवय्या आणि बिगर-लढवय्या हा भेद कृत्रिम आणि मनमानी ठरवला आणि त्याची तुलना थेट जातिव्यवस्थेच्या सिद्धान्ताशी केली. कारण दोन्हींत माणसाची लायकी गुणावर न ठरता जन्मावर ठरते. हा विचार आपण एक पाऊल पुढे नेला पाहिजे. जन्माने वीर ठरवणे चुकीचे असेल, तर भरतीच्या तारखेने वीर ठरवणे बरोबर कसे? ब्राह्मण जन्माला आला की विद्वान, क्षत्रिय जन्माला आला की शूर, असे मनु सांगतो. शिपाई भरती झाला की वीर, असे म्हणणारा आधुनिक माणूस मनूची भाषा सोडतो, पण व्याकरण तेच ठेवतो.

याचा अर्थ बाबासाहेब सैन्याच्या विरोधात होते असा मुळीच नाही. १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर होते, महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून त्यांनी प्रयत्न केले आणि तरुणांना भरती होण्याचे आवाहन केले. परंतु ते आवाहन करताना युद्ध कोणाविरुद्ध आहे याचा त्यांनी विचार केला होता. नाझीवादाचा विजय म्हणजे मानवी समतेचा अंत, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. म्हणजे गणवेशाआधी त्यांनी कारण तपासले.

५

कोरेगावच्या भेटीनंतर अवघ्या अकरा आठवड्यांनी, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. महाड आपल्याच जिल्ह्यातले. तेव्हाचा कुलाबा म्हणजे आताचा रायगड. या भागात आणि शेजारच्या दापोलीत पलटणीच्या पेन्शनरांची वस्ती होती, आणि परिषदेला जमलेल्यांत पहिल्या महायुद्धात लढून आलेली माणसे होती.

२० मार्चला मिरवणूक चवदार तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी पाणी प्यायले, मागोमाग हजारोंनी प्यायले. महाड नगरपालिकेने हे तळे १९२४ मध्येच ठरावाने खुले केले होते. ठराव कागदावर होता आणि पाणी स्पृश्यांकडे. नंतर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठली आणि गावातल्या स्पृश्यांनी परिषदेच्या मंडपावर, वाटेतल्या एकट्यादुकट्या माणसांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला केला. अनेकांची डोकी फुटली.

युद्ध पाहून आलेली, हत्यार चालवण्याचे शिक्षण घेतलेली माणसे तेथे होती. बाबासाहेबांचा एक शब्द पुरला असता. तो शब्द त्यांनी दिला नाही. उलट सर्वांना शांत राहण्यास सांगितले आणि त्या माणसांनी ते ऐकले. फ्रान्स-मेसोपोटेमियाच्या त्या युद्धकाळात सरकारच्या हुकमाने ज्यांनी बंदूक उचलली होती, त्यांनी महाडला आपल्या माणसाच्या सांगण्यावरून हात आवरला. अंगावर गणवेश नव्हता, पदक मिळणार नव्हते, पेन्शन वाढणार नव्हती. होते ते फक्त ओंजळभर पाणी आणि फुटलेली डोकी.

माझ्या मते शौर्याची व्याख्या करायची झाली तर ती महाडला करावी. कोरेगावला आपल्या माणसांनी सिद्ध केले की आम्ही कोणापेक्षाही कमी लढत नाही. महाडला त्यांनी दाखवून दिले की कशासाठी लढायचे आणि कशासाठी हात आवरायचा हे आम्ही ठरवतो. पहिल्या शौर्याला धनी होता. दुसऱ्या शौर्याला धनी नव्हता. बाबासाहेबांच्या चळवळीने ‘सैनिक’ हा शब्द टाकून दिला नाही. त्याच्यापुढे ‘समता’ हा शब्द जोडून ‘समता सैनिक दल’ केले. कारणावाचून सैनिक नाही, हा त्या नावाचा अर्थ आहे.

६

बंदूक कोणावर रोखली आहे हे न पाहता बंदूक धरणाऱ्याला वीर म्हणण्याची सवय लागली की काय होते, याची उदाहरणे इतिहासात हवी तेवढी आहेत. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत डायरने हुकूम दिला. पण १६५० गोळ्या झाडणारे पन्नास शिपाई हिंदी सैन्यातले होते. तेही गणवेशातच होते. त्यांना वीर म्हणायचे काय? उलट, २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरला गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडण्यास नकार दिला. त्यांच्यावर लष्करी खटला चालला आणि चंद्रसिंगांना जन्मठेप झाली. लष्करी कायद्याच्या दृष्टीने ते गुन्हेगार. माणुसकीच्या दृष्टीने?

आपल्या खाडीपलीकडच्या मुंबईत १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नौदल केंद्रावरील खलाशांनी निकृष्ट अन्न आणि वर्णद्वेषी वागणूक यांविरुद्ध बंड केले. ते जहाजांवर पसरले, गिरणगाव त्यांच्या बाजूने रस्त्यावर आला, गोळीबारात शेकडो माणसे पडली. स्वातंत्र्य आले, पण बडतर्फ खलाशांना नौदलात परत घेतले गेले नाही. ज्यांनी हुकूम पाळला त्यांची नोकरी राहिली. ज्यांनी स्वाभिमान पाळला त्यांची गेली. कुलाब्याला त्यांचे स्मारक उभे राहिले ते २००१ मध्ये.

आणि आपल्या पनवेल-उरणकडे पाहा. येथे ‘हुतात्मा’ हा शब्द कोणासाठी वापरतात? २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीने पडलेल्या शेतकरी-कोळ्यांसाठी. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात, जासई आणि नवघरच्या बाजूला पोलीस गोळीबारात मरण पावलेल्या पाच जणांसाठी. साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व त्यांच्या रक्तातून आले. पोलीस आणि सैन्य एक नव्हे, हे मला मान्य आहे. पण ज्या भूमीवर आपण राहतो तिने आपले हुतात्मे गणवेशावरून ओळखलेले नाहीत, एवढे तरी आपण शिकावे.

७

यावर कोणी म्हणेल की, ही झाली परकी राजवटीची गोष्ट. आज सैन्य आपले आहे, सियाचीनच्या बर्फात उभा असलेला जवान आपल्यासाठी उभा आहे. हे खरे आहे आणि त्याच्या कष्टांचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु शौर्य आपोआप मानावे असे खुद्द सैन्यही म्हणत नाही. १९४७ पासून आजवर परमवीरचक्रे दिली गेली ती फक्त २१, आणि प्रत्येकासोबत स्थळ, तारीख आणि कृती लिहिलेली असते. महार रेजिमेंटचे एकमेव परमवीरचक्र मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे. मुंबईत जन्मलेले हे तमिळ अधिकारी २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत छातीत गोळी लागलेली असताना शत्रूच्या हातची रायफल हिसकावून लढले आणि मरण पावले. श्रीलंकेत सैन्य पाठवावे की नाही यावर मतभेद होते आणि आहेत. त्या माणसाच्या कृतीवर नाहीत. युद्धाची चिकित्सा आणि कृतीचा आदर ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी करता येतात. शिवाय महार रेजिमेंटचा सर्वांत मोठा मान महार नसलेल्या माणसाने मिळवला, यात जातवार शौर्याच्या सिद्धान्ताला परस्पर उत्तर मिळाले आहे.

उलट बाजूही पाहा. २०१६ च्या जूनमध्ये काश्मिरात पांपोरला मारल्या गेलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका जवानाचे पार्थिव उत्तर प्रदेशातल्या त्याच्या गावी आले, तेव्हा सार्वजनिक जमिनीवर अंत्यविधी करण्यास गावातल्या वरच्या जातींनी आक्षेप घेतला, कारण तो खालच्या मानलेल्या जातीचा होता. अधिकाऱ्यांनी समजूत घातल्यावर थोडी जागा मिळाली. म्हणजे ‘आपोआप वीर’ हे आश्वासनही सर्वांसाठी नाही. मसूरचे स्टेशन अजून मागे पडलेले नाही.

आणि २०२२ च्या जूनमध्ये जाहीर झालेली अग्निपथ योजना पाहा. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारांपैकी फार तर एकाला कायम जागा, उरलेल्या तिघांना एकरकमी सेवानिधी आणि पेन्शन नाही. पण हुद्द्याचे नाव काय? अग्निवीर! ‘वीर’ ही पदवी भरतीच्या पहिल्याच दिवशी फुकट मिळते. पेन्शन मिळत नाही. ज्या पेन्शनीवर वलंगकरांची लेखणी चालली, ज्या पेन्शनीवर कोकणातल्या पेन्शनरांनी आपली पोरे शिकवली, तिच्या जागी एक विशेषण आले आहे. कामोठ्याचे तरुण पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करतात ते मी पाहतो. त्यांत आपली मुले पुष्कळ आहेत. त्यांना कोणी वीर म्हटले तर माझी हरकत नाही. पण त्या शब्दाच्या मोबदल्यात त्यांचा हक्क काढून घेतला जात असेल तर हरकत घेतलीच पाहिजे.

सैनिकाला सरसकट देणे लागते ते वेतन, पेन्शन, उपचार, जखमेची भरपाई, जातिभेदरहित वागणूक आणि मेल्यावर स्मशानातली जागा. हे सर्व तो शूर असो वा सामान्य, आघाडीवर असो वा भटारखान्यात, त्याला मिळालेच पाहिजे. कारण तो कामगार आहे, नागरिक आहे, माणूस आहे. वीर ही पदवी मात्र सरसकट नाही. ती कृतीने मिळते आणि ती कृती तपासण्याचा हक्क समाजाचा असतो. आज घडते आहे ते नेमके उलटे : पदवी सरसकट आणि हक्क तपासून!

म्हणून माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. कोरेगावचे आपले पूर्वज पोटासाठी पलटणीत गेलेले शिपाई होते, आणि त्या एका दिवशी ते अतिशय शूरपणे लढले. ही दोन्ही विधाने खरी आहेत आणि एकाने दुसरे खोडले जात नाही. १ जानेवारी २०१८ रोजी स्तंभाकडे निघालेल्या लोकांवर दगडफेक झाली, ती ही माणसे कंपनीची स्तुती करायला निघाली होती म्हणून नव्हे. ती मान वर करून चालली होती म्हणून. तो मान वर करण्याचा हक्क आपण सोडायचा नाही. पण मान वर करायची ती डोळे उघडे ठेवून. कोणत्याही सैनिकाविषयी, आपल्या वा परक्या, चार गोष्टी विचाराव्यात : त्याने काय केले, कोणाविरुद्ध केले, कशासाठी केले, आणि परत आल्यावर त्याला गावाने पाणी दिले काय?

कोरेगावला अवश्य जावे. पण जी गाडी १ जानेवारीला तेथे जाते, ती २० मार्चला पनवेलवरून महाडलाही न्यावी, आणि वाटेत पोरांना सांगावे की स्तंभावर ज्यांची नावे आहेत त्यांचे वारस तळ्यावर बिननावाचे उभे होते.